क्लोज-अपचं एक्स्पोजर: पट्टी, ट्यूब आणि फिल्मचा हिशेब

फिल्मवर क्लोज-अप काढणाऱ्या माणसाच्या पिशवीत स्टीलची सहा इंची पट्टी हवी. हातातला लाइट मीटर नसला तर चालतं, ग्रे कार्ड (उजेड मोजायचं मध्यम करडं कार्ड) घरी राहिलं तरी निभावून नेता येतं, पण पट्टी नसली की पुढचा सगळा कारभार अंदाजपंचे.

मी ठाण्याच्या वागळे इस्टेटमधल्या एका कारखान्यात क्वालिटी विभागात होते. तुटलेला गिअरचा दात, तडा गेलेला शाफ्ट, बेअरिंगवरचे चट्टे, ह्यांचे फोटो रिपोर्टला जोडावे लागत आणि प्रत्येक फोटोत वस्तूशेजारी पट्टी ठेवायचीच, असा नियम. नियम होता मापासाठी. पण तीच पट्टी किती उजेड वाढवायचा हेही सांगते, ही गोष्ट डार्करूम सांभाळणाऱ्या सीनियर लोकांनी सुरुवातीलाच डोक्यात बसवली. आता निवृत्तीनंतर ठाण्याजवळच्या येऊरच्या जंगलात तेरडा आणि किडेमुंग्यांचे फोटो काढते, तेही त्याच हिशेबाने.

मुळात उजेड कमी का होतो, ते आधी बघू. लेन्सवर लिहिलेला एफ आकडा (छिद्राचं माप; आकडा मोठा तेवढं छिद्र बारीक) हा लेन्स अनंतावर फोकस केली असताना खरा असतो. जवळच्या वस्तूवर फोकस करायचं तर लेन्स फिल्मपासून लांब सरकवावी लागते. त्यासाठीच कॅमेरा आणि लेन्सच्या मधे बसणारी पोकळ ट्यूब किंवा बेलोज, म्हणजे घडीचा भाता. भिंतीवर मारलेला टॉर्च मागे नेला की झोत पसरतो आणि फिका पडतो, तसाच लेन्समधून येणारा उजेड आता मोठ्या जागेवर पसरतो. छिद्र तेवढंच, पण फिल्मच्या वाट्याला कमी. किती कमी, हे फक्त एका गोष्टीवर ठरतं: वस्तूचं फिल्मवर पडणारं चित्र वस्तूच्या मानाने केवढं आहे. एक सेंटिमीटरचा किडा फिल्मवर अर्धा सेंटिमीटर उमटत असेल तर मोठेपणा अर्धा. त्यात एक मिळवायचा, दीड. दिडाचा वर्ग सव्वादोन. म्हणजे सव्वादोन पट उजेड हवा, एक स्टॉप (एक स्टॉप म्हणजे दुप्पट उजेड) आणि वर थोडंसं. किडा फिल्मवर जेवढ्यास तेवढा उमटला, तर एक अधिक एक दोन, दोनाचा वर्ग चार, सरळ दोन स्टॉप.

हा मोठेपणा काढायला पट्टी. फोकस लावून झाला की वस्तूच्या जागी, त्याच अंतरावर, पट्टी आडवी धरायची आणि व्ह्यूफाइंडरच्या लांब बाजूत किती मिलिमीटर दिसतात ते मोजायचं. पस्तीस मिमी फिल्मची चौकट ३६ मिमी लांब असते. पण बहुतेक साधे कॅमेरे व्ह्यूफाइंडरमध्ये पूर्ण चौकट दाखवत नाहीत. निकॉन एफएम१० दाखवतो ९२ टक्के. म्हणून मी ३६ ऐवजी ३३ धरते. ३३ ला दिसलेल्या मिलिमीटरने भागा, झाला मोठेपणा.

पाठ करायचे आकडे फार नाहीत. पट्टीचे १३० मिमी दिसत असतील (सहा इंची पट्टी जेमतेम पुरते) तर मोठेपणा पाव, उजेड दोन तृतीयांश स्टॉप वाढवा. ६६ दिसले तर मोठेपणा अर्धा, एक स्टॉप आणि चिमूटभर. ४४ दिसले तर दीड स्टॉपहून किंचित जास्त. ३३ दिसले तर दोन स्टॉप. २२ वर आलात तर अडीचच्याही पुढे गेलात. आणि चौकटीत फूटभर किंवा त्याहून जास्त जागा मावत असेल तर हिशेब सोडून द्या, तो पाव स्टॉपच्या आसपासचा मामला आहे आणि निगेटिव्ह फिल्मला त्याचं काहीही वाटत नाही.

मी हे आकडे पट्टीच्या पाठीवर पर्मनंट मार्करने लिहून ठेवलेत. खिशात चिठ्ठी ठेवली की पावसात भिजते.

आता खरी गोम. हा सगळा हिशेब करायचा की नाही, हे मीटर कुठे आहे त्यावर ठरतं.

माझ्या भाच्याने जुना एफएम१० घेतला, ५० मिमीची लेन्स आणि १२, २० व ३६ मिमीच्या ट्यूबांचा सेट. पहिला रोल धुऊन आला तो सगळा जाड, काळाकुट्ट निगेटिव्ह, म्हणजे उजेड नको इतका जास्त. मला म्हणाला, "मावशी, ट्यूब लावल्यावर दोन स्टॉप वाढवायचे ना? मी तर सगळीकडे वाढवले."

"अरे, मीटर कुठलं वापरलंस?"

"कॅमेऱ्यातलंच."

"मग त्याने ट्यूबमधून आलेला उजेडच मोजलाय. जे कमी झालं ते कमी झाल्यावरच मोजलंय. तू वर परत कशाला दिलास?"

कॅमेऱ्याच्या आतलं मीटर लेन्समधूनच बघतं. ट्यूब असो, बेलोज असो, पोलरायझर असो, टेलीकन्व्हर्टर असो, जेवढा उजेड पोचतो तेवढाच त्याला दिसतो. तिथे मोठेपणाची वेगळी भर घालायची नाही. भर घालायची ती हातातल्या मीटरवर, फोनमधल्या मीटरच्या अॅपवर, मॅन्युअल फ्लॅशवर, आणि ज्या कॅमेऱ्यात मीटरच नाही तिथे. फोनला तुमच्या ट्यूबचा पत्ताच नसतो.

फोनवाल्यांसाठी एक सोय सांगते. रोलभर एकाच मोठेपणाचं काम असेल, तर दर फोटोला हिशेब करण्याऐवजी अॅपमधला आयएसओच, म्हणजे फिल्मच्या वेगाचा आकडा, बदलायचा. फिल्म ४०० ची, मोठेपणा एकास एक, पट चार. अॅपला सांगा आयएसओ १००. अर्ध्या मोठेपणाला १६० किंवा २००. मग दिसेल ते रीडिंग सरळ लावा. काम संपल्यावर तेवढं परत ४०० करा. कॅमेऱ्याच्या डायलवर मात्र ही युक्ती करायची नाही. कारण वर आलंच आहे.

क्लोज-अप फिल्टर, म्हणजे लेन्ससमोर स्क्रूने लावायचं भिंग, ह्याला कसलीच भर लागत नाही. त्यात लेन्स फिल्मपासून लांब जात नाही. अधिक दोनचं भिंग लावलं आणि लेन्स अनंतावर ठेवली तर अर्ध्या मीटरवर फोकस येतो आणि एफ आकडा होता तिथेच राहतो. कडा थोड्या मऊ येतात, पण नवशिक्याने सुरुवात इथून करावी असं माझं मत. ट्यूबच्या मागे लोक उगाच धावतात.

स्वस्त, पोकळ ट्यूब घेतली असेल तर आणखी एक भानगड. त्यात लेन्सचं छिद्र कॅमेऱ्याशी जोडणारी यंत्रणा नसते. निकॉनची छिद्राची रिंग असलेली जुनी लेन्स अशा ट्यूबवर लावली की रिंग फिरवाल तसं छिद्र तिथल्या तिथे बारीक होतं आणि व्ह्यूफाइंडर अंधारतो. पूर्ण उघड्या छिद्रावर फोकस करा, मग रिंग एफ ११ वर आणा आणि त्या अंधारातच मीटर वाचा. एफएम१० मध्ये अधिक, शून्य आणि उणे असे तीन लाल दिवे आहेत. नुसता शून्य पेटला की बरोबर, शून्यासोबत अधिक किंवा उणे पेटलं तर थोडंसं इकडेतिकडे. ट्रायपॉडवर असताना डोळा बाजूला घेऊन मीटर वाचू नका. आयपीसमधून मागचा उजेड आत शिरतो आणि छिद्र बारीक असताना तो मीटरला चांगलाच फसवतो. डोळा चिकटवून वाचा, आणि नंतर काहीही फिरवू नका.

पण आतलं मीटर आहे म्हणून निर्धास्त होऊ नका. त्याला ट्यूब कळते, वस्तू कळत नाही. समोर काहीही असलं तरी ते मध्यम करडं आहे असं धरून ते आकडा देतं. लांबच्या दृश्यात काळं-पांढरं मिसळून सरासरी जमून जाते. क्लोज-अपमध्ये चौकटभर एकच पाकळी असते, तिथे सरासरी कुठून येणार? सोनटक्क्याच्या पांढऱ्या पाकळीने चौकट भरली तर मीटरपेक्षा दीड स्टॉप जास्त द्यायचा, नाहीतर पाकळी मळकी येते. सोनकीच्या पिवळ्याला पाऊण ते एक स्टॉप. उलट घोडबंदर रोडला ओवळेकर वाडीत फुलपाखरं टिपायला गेलात आणि ब्लू मॉर्मन समोर बसलं, म्हणजे आपलं २०१५ पासूनचं राज्य फुलपाखरू, तर त्याच्या मखमली काळ्या पंखावरून रीडिंग घेऊन तसंच लावलं की पंख राखाडी येणार. एक ते सव्वा स्टॉप कमी. किंवा सरळ शेजारच्या लिंबाच्या पानावरून वाचा. मध्यम हिरवं, ओलं नसलेलं पान करड्याच्या बऱ्यापैकी जवळ असतं. ओल्या पानावर आभाळ चमकतं, तिथून घेतलेलं रीडिंग कामाचं नाही.

पावसाची पहिली सर पडून गेली की जमिनीवर लाल मखमली मृगाचा किडा फिरायला लागतो, तोही फसवणारा. एफएम१० चं मीटर मधल्या १२ मिमी वर्तुळाला ६० टक्के वजन देतं. अर्ध्या मोठेपणाला किडा त्या वर्तुळाच्या जेमतेम अर्ध्या रुंदीला पुरतो, बाकी सगळी ओली काळपट माती. मीटर मातीला करडं करायला बघतं आणि किडा भगभगीत होतो. निगेटिव्हवर सोडून द्या, पण स्लाइड फिल्म घातली असेल तर एक स्टॉप कमी केल्याशिवाय बटण दाबू नका. स्लाइडला अर्ध्या स्टॉपचीही चूक दिसते.

ग्रे कार्ड असेल तर ह्या सगळ्या तर्कांची गरज नाही. वस्तूच्या जागी, वस्तूवर पडणाऱ्याच उजेडात कार्ड धरा आणि वाचा. फोकसची रिंग हलवू नका. कार्ड धूसर दिसलं तरी चालेल. रिंग फिरवली तर लेन्स पुढेमागे जाते, उजेड बदलतो आणि घेतलेलं रीडिंग दुसऱ्याच मोठेपणाचं होतं. कार्ड नसेल तर तळहात. तो करड्यापेक्षा साधारण एक स्टॉप उजळ असतो, म्हणून रीडिंगपेक्षा एक स्टॉप जास्त. आपल्या तळहाताचा फरक एकदा घरी कार्डाशी ताडून ठेवावा, म्हणजे कार्डाचं ओझं कायमचं सुटतं. हात धरताना कॅमेऱ्याची किंवा आपल्या डोक्याची सावली त्याच्यावर पडत नाही ना, तेवढं बघा. एकास एकला लेन्स वस्तूच्या इतकी जवळ असते की सावली हटकून पडते.

येऊरचं एक उदाहरण सगळं जोडून सांगते. श्रावणातली सकाळ, आभाळ भरलेलं, झाडाखाली तेरड्याचं गुलाबी फूल. फिल्म इलफर्डची ब्लॅक अँड व्हाइट एचपी५, आयएसओ ४००. हातातल्या मीटरचा पांढरा घुमट फुलाजवळ, लेन्सकडे तोंड करून धरला: एफ ११ ला १/१५ सेकंद. पट्टीवर ६६ मिमी दिसले, म्हणजे अर्धा मोठेपणा, सव्वादोन पट. १/१५ चा १/८ केला की एक स्टॉप मिळाला. उरलेल्या चिमटीसाठी छिद्राची रिंग एफ ११ वरून एफ ८ च्या दिशेने जराशी सरकवली. घुमटाने पडणारा उजेड मोजला आहे, फुलावरून परतणारा नाही, त्यामुळे फुलाच्या रंगाची वेगळी भर नाही. आता १/८ सेकंद फूल स्थिर राहायला हवं. तेरड्याचा देठ वाऱ्याच्या नुसत्या झुळकीने डोलतो. त्याला बांबूच्या काडीचा आधार आणि कपडे वाळत घालायचा चिमटा, आणि वारा पडेपर्यंत वाट बघणं, ह्याला तिसरा इलाज नाही. आयएसओ ८०० ची फिल्म घातली तर १/१५ मिळेल, पण देठाला तेवढ्याने फरक पडत नाही.

एफ १६, एफ २२ वर जाऊन सगळं फूल स्पष्ट करू, असं वाटतं. एकास एकला लेन्सवर एफ ११ लावलं तर स्पष्ट पट्टा १.३ मिमीच्या आसपास. एफ १६ ला दोन मिमीच्या आत. पण लेन्सवर एफ १६ लिहिलं असलं तरी एकास एकला ते प्रत्यक्षात एफ ३२ सारखं वागतं आणि डिफ्रॅक्शनने, म्हणजे बारीक छिद्रातून जाताना उजेड पसरल्याने, सगळंच मऊ होतं. अर्ध्या मिलिमीटरसाठी मी हा सौदा करत नाही. एफ ११ वर थांबते आणि कॅमेरा फुलाच्या पाकळीला समांतर लावते.

एफ आकड्यावरून आठवलं. निकॉनच्या क्लोज-अपसाठीच्या ५५ मिमी एफ ३.५ मायक्रो-निक्कोर लेन्सची एक जुनी आवृत्ती जवळ फोकस करताना छिद्र आपोआप मोठं करते, म्हणजे तुमची भर तीच घालते. अशी जुनी लेन्स हाती लागली आणि हातातलं मीटर वापरलंत, तर भर दोनदा पडेल. त्यानंतर आलेल्या एफ २.८ मध्ये हा प्रकार नाही. ती एकटी अर्ध्या मोठेपणापर्यंत जाते आणि २७.५ मिमीची पीके-१३ ट्यूब लावली की एकास एक. टेलीफोटो बांधणीच्या लेन्सना माझं पट्टीचं सूत्र थोडी कमी भर सांगतं. तिथे कॅमेऱ्यातल्या मीटरवरच विसंबा.

आता घरातलं काम, जिथे वेळ सेकंदांत जाते. समजा, खिडकीच्या उजेडात शिवराईचा फोटो काढायचा आहे. तांब्याचं नाणं, एका बाजूला 'श्री राजा शिव', दुसरीकडे 'छत्रपति'. अक्षरं झिजलेली असतात, त्यामुळे उजेड अगदी आडवा, एकाच बाजूने हवा. अक्षराच्या एका कडेला उजळ रेघ आणि दुसरीकडे सावली पडली की तो ठसा वाचता येतो. समोरून उजेड टाकलात तर नाण्याची नुसती तपकिरी चकती येईल. आडवा उजेड कमी असतो. हातातलं मीटर सांगतं एफ ११ ला एक सेकंद. एकास एक, चार पट, म्हणजे चार सेकंद. इथे थांबलात तर निगेटिव्ह पातळ येईल, कारण एक सेकंदाच्या पुढे फिल्म मंदावते. दुप्पट वेळ दिला तरी दुप्पट काम करत नाही. इलफर्डने एचपी५ प्लससाठी दिलेला हिशेब असा, की मोजलेल्या सेकंदांचा १.३१ वा घात घ्यायचा. दोनाचे अडीच, चाराचे सहा, आठाचे पंधरा, पंधराचे पस्तीस सेकंद. म्हणजे आपल्या नाण्याला सहा सेकंद.

क्रम महत्त्वाचा. आधी मोठेपणाची भर, मग फिल्मच्या मंदपणाची. उलटं केलंत तर एकाचा एकच राहतो, चाराने गुणून चार सेकंद येतात आणि अर्ध्या स्टॉपहून जास्त उजेड कमी पडतो.

कॅमेऱ्यातल्या मीटरने करायचं असेल तर लेन्स एफ २.८ ला उघडून वाचा. तिथे १/४ सेकंद आलं, तर एफ ११ चार स्टॉप खाली, म्हणजे चार सेकंद, आणि मग फिल्मसाठी सहा. एफएम१० चा शटर एक सेकंदावर संपतो, पुढे बी वर (बटण दाबलेलं असेपर्यंत शटर उघडा) ठेवून केबल रिलीज, म्हणजे बटण दाबायची वायर. सेकंद मनात मोजायचे असतील तर 'एक हजार एक, एक हजार दोन' असं म्हणत मोजा. नुसतं एक-दोन-तीन म्हटलं की माणूस पळायला लागतो. फिल्मगणिक हा मंदपणा वेगळा. कोडॅकचं ट्राय-एक्सचं कोष्टक एका सेकंदाचे दोन आणि दहा सेकंदांचे पन्नास करायला सांगतं. फुजीच्या अॅक्रॉस १०० II ला दोन मिनिटांपर्यंत काही लागतच नाही. नाणी, दागिने, जुनी पत्रं असलं संथ काम करणाऱ्याने ती वापरावी.

फ्लॅशबद्दल थोडक्यात. फ्लॅशचं स्वतःचं ऑटो सेन्सर क्लोज-अपला बंद ठेवा. त्यालाही ट्यूब कळत नाही आणि ते बघतंही भलतीकडेच. मॅन्युअलवर गाइड नंबरने (फ्लॅशच्या ताकदीचा आकडा, त्याला अंतराने भागलं की एफ आकडा येतो) चालायचं. साधा फ्लॅश, आयएसओ १०० ला गाइड नंबर २० मीटर. ताकद १/१६ केली की नंबर चौथाई, पाच. फिल्म ४०० ची, म्हणून दुप्पट, दहा. फ्लॅश वस्तूपासून ३० सेंटिमीटरवर: दहा भागिले ०.३, साधारण एफ ३२. एकास एकला आणखी दोनने भागा, एफ १६. समोर ट्रेसिंग पेपर लावला तर तो साधारण एक स्टॉप खातो, एफ ११. झालं. अंतर फ्लॅशपासून मोजायचं, लेन्सपासून नाही, आणि ते मोजायला पुन्हा पट्टीच. एफएम१० चा शटर फ्लॅशसाठी १/१२५ किंवा त्याहून संथ ठेवा. ऑलिम्पस ओएम-२ किंवा निकॉन एफ३ सारखे कॅमेरे त्यांच्याच फ्लॅशचा उजेड आतून, फिल्मवरून मोजतात. ते असेल तर हा परिच्छेद तुमच्यासाठी नाही.

ठाण्याच्या हवेचंही एक सांगायला हवं. एसी गाडीतून उतरून लगेच लेन्सचं टोपण काढलंत की काचेवर बाष्प धरतं. ते पुढच्या काचेवरच नाही, ट्यूब बदलताना मागच्या काचेवरही धरतं, आणि ते दिसत नाही. फोटो धुरकट, फिका येतो आणि लोक एक्स्पोजरला दोष देतात. बॅग बंद ठेवून पंधरा-वीस मिनिटं बाहेरच्या हवेत राहू द्या.

पहिला रोल चाचणीचा समजून वापरा. एकच वस्तू, एकच उजेड. पट्टीवर १३०, ६६ आणि ३३ मिमी अशा तीन जागांवर, प्रत्येकी हिशेबाइतका, एक स्टॉप कमी आणि एक स्टॉप जास्त. वहीत फ्रेम नंबर, पट्टीचे मिलिमीटर, छिद्र, वेळ लिहून ठेवा. निकाल स्कॅनवरून ठरवू नका. लॅबचा स्कॅनर प्रत्येक फ्रेम आपल्या मनाने सारखी उजळ करतो; स्टॉपभर चुकलेली फ्रेमही स्क्रीनवर चांगली दिसते. निगेटिव्ह मागून घ्या, फोनच्या पांढऱ्या स्क्रीनवर थोडं उचलून धरा आणि वस्तूच्या सगळ्यात गडद सावलीत बघा. तिथे काही तपशील दिसला तर उजेड पुरला. ती जागा फिल्मच्या कोऱ्या कडेइतकीच पारदर्शक असेल तर उजेड कमी पडला, मग स्कॅन कितीही छान दिसो. आणि रोल देतानाच लॅबला सांगा: निगेटिव्ह फेकू नका, पट्ट्या कापून द्या, स्कॅनला सुधारणा नको.